टेपमधली बाई

इंदूबाई सणासुदीला नथ घालायची, पण 'नथ' हा शब्द तिच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. "ते नाकातलं काढून दे वं," असं ती म्हणायची, आणि वस्तीतल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचं नाव नत्थूजी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईने तिला मौद्याकडच्या खेड्यात परकर घालायच्या वयात सांगितलं होतं. मग नाव तर सोडाच, नावाच्या वळणावर जाणारा शब्दसुद्धा ती जिभेवर येऊ देत नसे.

छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर दोघांनी दीक्षा घेतली. घरातले देव गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. करणी-भानामतीला इंदूबाई फुंकरीने उडवून लावू लागली. पण ही नावाची गोष्ट तिने कोणत्याच धर्मात मोजली नव्हती. ती तिच्या जिभेला पडलेली घडी होती, आणि घडी कोणी दीक्षा देऊन मोडत नाही. ती नवऱ्याला 'अजी' म्हणायची. तो तिला 'आइकलं का वं' म्हणायचा. एवढ्यावर दोघांचा अख्खा संसार झाला होता.

जरीपटक्याच्या बाजारापासून थोडं आत, कवेलूच्या छपराच्या दोन खोल्यांत तो संसार होता. नत्थूजी लाकडाच्या टालावर कामाला. मोठमोठे सागाचे ओंडके दोघे दोघे मिळून करवतीने चिरायचे, त्यातला तो एक. ओंडके चिरणारी आरामशीन आली तेव्हा मालकाने त्याला मशीनवर घेतलं. इंदूबाई त्याच टालावर लाकडं रचायची. रचून ठेवलेली थप्पी बाहेरून भरलेली दिसते आणि आतून पोकळ असते, हे तिथे ती शिकली. गिऱ्हाईक समोरून बघून खुश व्हायचं. इंदूबाई मात्र कुठेही लाकूड घ्यायला गेली की थप्पीत कोपरापर्यंत हात घालून बघायची. हळूहळू माणसांच्या बाबतीतही तिचा हात तसाच आत जाऊ लागला. दूधवाला गोड बोलला की ती दूध दोनदा बघायची. पाहुणा न बोलावता आला की त्याला काय हवं असेल, हे चहा उकळेपर्यंत ओळखायचा प्रयत्न करायची. शेजारची भीमाबाई म्हणायची, "इंदूबाई, तू आपल्या सावलीचीही झडती घेशील वं."

"घेईन," इंदूबाई म्हणायची. "सावली कायले मागं मागं येते, सांग बरं?"

टाल बंद झाला, नत्थूजी घरी बसला, आणि मग त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जाऊ लागली. सुरुवातीला चष्मा, मग चपला. चपला पिठाच्या डब्यात सापडल्या तेव्हा दोघंही हसले. मग जेवण झाल्यावर तो ताट मागू लागला, तेव्हा मात्र एकटा तोच हसला. एका सकाळी उठून तो बंद टालाकडे निघून गेला आणि फाटकाच्या कुलपाला हात लावून बसून राहिला. पुढे टालही विसरला. नुसता निघायचा. एकदा कोराडीच्या बसमध्ये जाऊन बसलेला सापडला. कंडक्टरने विचारलं, कुठं जायचं? नत्थूजीने उलट त्यालाच सांगितलं, "तुम्ही म्हणाल तिकडं जाऊ."

हे ऐकून त्यांचा एकुलता एक मुलगा गिरिधर धावत आला. तो कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला होता, तिथल्याच वसाहतीत बायकोमुलांसह राहायचा. रविवारी यायचा तेव्हा त्याच्या कॉलरवर राखेचा करडा थर असायचा. त्याने बापाला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हे म्हातारपणाचं आहे, मेंदू झिजत चालला आहे. औषध फारसं नाही. पण शरीर रोज हलतं ठेवलं तर माणूस जास्त दिवस सावरून राहतो. तिथे शोभाताई नावाच्या बाई म्हाताऱ्यांचा व्यायाम घ्यायच्या. रोज दवाखान्यात येणं लांबच्या लोकांना जमत नसे. म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. प्रत्येकासाठी त्याचं नाव घेऊन, त्याला झेपेल असा व्यायाम त्या कॅसेटमध्ये बोलायच्या. कॅसेट घरी न्यायची, सकाळी लावायची, आणि त्या सांगतील तसं म्हाताऱ्याने करायचं.

गिरिधरने आपला टेपरेकॉर्डर आणून फळीवर ठेवला. त्याच्यासमोर लोखंडी खुर्ची मांडली, बापाला बसवलं आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर झाली. मग आतून एक बाई बोलली, अगदी स्वच्छ, गोड, सावकाश आवाजात.

"नमस्कार, नत्थूजी. ताठ बसा बरं."

चुलीपाशी बसलेल्या इंदूबाईच्या हातातली भाकर परातीत पडली. त्या घरात बाईच्या तोंडून ते नाव कधीच उमटलं नव्हतं. भिंतीसुद्धा दचकल्या असतील.

नत्थूजी मात्र ताठ बसला.

"नत्थूजी, उजवा हात वर घ्या. वर... अजून वर. शाब्बास."

"हाव बाई," नत्थूजी म्हणाला आणि हात वर केला. त्याच्या तोंडावर हसू होतं. गेल्या पावसाळ्यापासून ते हसू इंदूबाईच्या वाट्याला आलं नव्हतं. ती 'अजी, जेवून घ्या' म्हणायची तर तो भिंतीकडे बघत बसायचा. 'अजी, इकडं या' म्हटलं तर तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. आणि ही कोण कुठली, तोंड ना माहीत, आणि हिच्यासाठी हात वर!

"पाह्यलं का माय?" गिरिधर खुश झाला. "आइकून राहिले ना बाबा!"

"पाह्यलं," इंदूबाई म्हणाली. "ही बाई तुह्या बापाले ओळखते का आधीपासून?"

"काहून?"

"नाही, नाव मोठं लाडानं घेते."

गिरिधर हसला, पण जाताना त्याने खरी गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर शोभाताई स्वतः बघायला येणार होत्या. "माय, बाबा असेच निघून जात राहिले तर एखाद दिवशी गाडीखाली येतील. तुह्यानं आता सांभाळणं होत नाही. फरक नाही पडला, तर दवाखान्यात ठेवू त्याइले. म्या तिथं बोलून ठेवलं आहे."

इंदूबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. तिने त्या दवाखान्याचा लांब व्हरांडा पाहिला होता. खाटांवर म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांच्या बायका कुठेच नव्हत्या.

त्या दिवसापासून रोज सकाळी टेप लागू लागला. इंदूबाई बटण दाबायची आणि दाराआडून बघत राहायची. पाहता पाहता तिला त्या बाईचा शब्द न् शब्द पाठ झाला. मांडीवर हात, पाय उचला, चेंडू दाबा, उठा, बसा. तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाई 'नत्थूजी' म्हणाली की तो हलायचा. मध्ये बाई नुसतंच 'आता मान फिरवा' म्हणाली की तो इकडेतिकडे बघायचा, जणू कोणा तिसऱ्यालाच सांगणं चाललं आहे. पुन्हा नाव आलं की पुन्हा हात वर.

"लाडानं हाक मारल्याशिवाय हालत नाही गडी," तिने भीमाबाईला सांगितलं. दोघी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अवं, बरं आहे ना. हातपाय तं हालून राहिले."

"मले नाही बरं वाटत. तू पाह्य भीमाबाई, कसं सोंग आहे. आज म्हणते हात वर करा, हा हात वर करते. उद्या म्हणन, उठा. हा उठन. आणि एक दिवस गाडी आणून दारात उभी करन आन् म्हणन, नत्थ..." ती थांबली. तिने ओठ दाबले. "म्हणन, बसा गाडीत. आन् हा बसन! माह्याकडं वळूनही पाहणार नाही."

"टेप का गाडी आणते वं?"

"टेप नाही, पोरगा आणते. टेप नुसती सवय लावते. बैलाले गाडीले जुपायच्या आधी नुसतं जू ठेवत नाहीत का खांद्यावर?"

भीमाबाई तांदळातला खडा काढून म्हणाली, "तुह्या डोक्यात तं टेपपेक्षा जास्त फिरक्या आहेत."

पण तो विचार इंदूबाईच्या मनातून निघेना. तिला सगळं जुळताना दिसू लागलं. गिरिधर रविवारी आल्याबरोबर आधी काय विचारतो? आईची तब्येत नाही, 'टेप लावते ना?' हेच विचारतो. बाई इतकी गोड का बोलते? फुकटात गोड बोलणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. आणि नवरा दिवसेंदिवस कसा परक्या आवाजाचा होत चालला आहे! एका सकाळी व्यायाम संपला, टेप खट्कन थांबला, आणि नत्थूजीने फळीकडे बघत विचारलं, "बाई, आता जाऊ?"

इंदूबाई दाराआडून पुढे आली. "कुठं जाऊन राहिले? अजी, कुठं जाता?"

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो फळीकडून उत्तर यायची वाट बघत होता.

दुपारी तो झोपला तेव्हा इंदूबाईने कॅसेट काढली, करंगळी घालून आतली काळी फीत ओढली आणि ओढतच राहिली. मांडीवर ढीग झाला. एवढ्याशा डबीत एवढी मोठी बाई! तिने तो ढीग चुलीत घातला. उग्र वास सुटला, पण तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. रविवारी गिरिधरला 'हाव, लावते' म्हणायचं, आणि त्याने कॅसेट मागितलीच तर सांगायचं, मशीनने खाल्ली. मशीन खातं, हे सगळेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी सवयीने खुर्चीवर जाऊन बसला. फळीकडे बघत राहिला. इंदूबाई म्हणाली, "अजी, हात वर करा." तो बसूनच. "अजी, म्या सांगून राहिली, हात वर." त्याने मागे वळून पाहिलं, ही बाई कोणाशी बोलते म्हणून. असं काही दिवस चाललं. मग त्याने खुर्चीवर बसणंही सोडलं आणि पुन्हा दाराकडे जाऊ लागला.

बाजाराचा दिवस होता. इंदूबाई भीमाबाईबरोबर वांग्यांचा भाव करत होती. नत्थूजीला तिने शेजारी उभं केलं होतं, धोतराचा सोगा आपल्या मुठीत धरून. पिशवी उघडायला मूठ सुटली, तेवढाच वेळ. वळून बघते तो जागा रिकामी.

तो रस्त्याकडे चालला होता. सावकाश, मान खाली घालून, कोणी बोलावल्यासारखा. समोरून कोळशाचा ट्रक येत होता, धूळ उडवत, भोंगा वाजवत.

"अजी!" इंदूबाई ओरडली. "अजी, थांबा! अजी, मागं फिरा!"

आणि बाजारातले चार-पाच बाप्ये मागे फिरले. एक कांदेवाला, एक सायकल धरून उभा असलेला, एक म्हातारा तर दुकानाच्या पायरीवरून उठलाच. ज्याच्या त्याच्या घरी 'अजी' म्हणणारी कोणीतरी होती. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच. वळला नाही तो एकटा नत्थूजी.

इंदूबाईने ते सगळे चेहरे एका दमात पाहिले, आणि तिला कळलं. अजी हे कोणाचंच नाव नव्हतं. डोकं शाबूत होतं तोवर तो तिचा आवाज ओळखून वळत होता. आता आवाज पुसला गेला, आणि हाक कोणाला आहे हे सांगणारं तिच्या हाकेत काहीच उरलं नव्हतं.

"नत्थूजी!"

भीमाबाईच्या हातातलं वांगं खाली पडलं.

"नत्थूजी, थांबा! आहे तिथंच उभे राहा, नत्थूजी!"

तो थांबला. ताठ उभा राहिला. ट्रक त्याच्या धोतराला वारा घालत पुढे निघून गेला. इंदूबाई धावत जाऊन त्याला बिलगली नाही. भर बाजारात तसं करायची रीत नव्हती. तिने त्याचं मनगट धरलं आणि घरी आणलं. वाटेत भीमाबाई हळूच म्हणाली, "घेतलंस शेवटी."

"चूप राह्य," इंदूबाई म्हणाली.

ट्रकपासून वाचवला खरा, पण नाव घेऊन त्याचं किती आयुष्य आपण कापलं? संध्याकाळभर ती त्याच्यासमोर बसून छातीचं वरखाली होणं बघत राहिली. सकाळी तो नेहमीसारखा उठला आणि भाकर मागितली. तिला तेही खरं वाटेना. मरण लबाड असतं, आज नाही तर उद्या येईल, असं ती मनाशी म्हणाली. पण आठवडा गेला, आणखी एक गेला, आणि तो भाकर मागतच राहिला.

मग तिने दार लावून घेतलं, त्याला खुर्चीवर बसवलं आणि फळीपाशी उभी राहिली. आवाज बारीक केला, त्या बाईसारखा सावकाश.

"नत्थूजी, ताठ बसा बरं."

तो ताठ बसला. "हाव बाई," म्हणाला, आणि हसला.

त्यानंतर सकाळचा तो वेळ तिचा झाला. उजवा हात, डावा हात, पाय, चेंडू. जिथे टेपमधल्या बाईने नाव घेतलं नव्हतं, तिथेही ती घेऊ लागली. घासागणिक मीठ लागतं तसं वाक्यागणिक नाव. सुरुवातीला दर वेळी जीभ जड व्हायची, मग होईनाशी झाली. नत्थूजीचे पाय घट्ट झाले. तो भिंत न धरता न्हाणीपर्यंत जाऊ लागला. दाराकडे निघालाच, तर ती चुलीपासूनच हाक मारायची आणि तो उंबऱ्यात थांबायचा.

दिवाळीनंतर गिरिधर शोभाताईंना घेऊन आला. इंदूबाईने मनात त्यांचं एक चित्र काढलं होतं: गोरी, भरलेली, पानाने लाल झालेल्या ओठांची. समोर उभी होती एक काटकुळी, दम लागलेली बाई. साध्या सुती साडीतली, छत्रीची काडी मोडलेली. आवाज तेवढा तोच. इंदूबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाणी दिलं.

"कॅसेट लावता का रोज?" शोभाताईंनी विचारलं.

"मशीननं खाल्ली."

गिरिधरचा चेहरा उतरला. "माय! कधी? सांगितलं काहून नाही? मंग इतके दिवस काहीच नाही केलं?" तो शोभाताईंकडे वळला. "म्या म्हटलं होतं ना बाई, तिच्यानं होत नाही. आता दवाखानाच बरा."

इंदूबाईला व्हरांड्यातल्या खाटा दिसल्या. ती उठली. "गिरिधर, तू जरा बाहेर जाय."

"काहून?"

"जाय म्हणते ना."

तो हलला नाही. इंदूबाईने मुलाकडे पाठ केली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "नत्थूजी, उठा. खुर्चीवर बसा, नत्थूजी."

गिरिधर बघतच राहिला. चाळिशीला आलेल्या त्या माणसाने आईच्या तोंडून बापाचं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली, लहानपणी काही बघू नये ते दिसल्यावर घालायचा तशी.

नत्थूजी उठून खुर्चीवर बसला. हात वर केला, उजव्याऐवजी डावा, पण केला. पाय उचलले. कशाचाही आधार न घेता उठला, चार पावलं चालला, फिरून आला. शोभाताई त्याच्यासमोर वाकल्या. "छान, नत्थूजी. आणि ह्या कोण, सांगा बरं?" त्यांनी इंदूबाईकडे बोट केलं.

"ह्या ना?" नत्थूजी म्हणाला. "ह्या बाई. टेपमधल्या."

"आणि तुमची घरवाली?"

त्याने खोलीभर पाहिलं. "थे बाहेर गेली असन कुठं."

शोभाताईंनी आपली पिशवी उचलली. "गिरिधर, यांना घरीच राहू द्या. तिथे नेलं तर यांना अशी हाक मारणारं कोण आहे?"

"पण माय," गिरिधर म्हणाला, "बाबा तं तुले ओळखत नाही."

"नाही ओळखत तं नाही. आइकते ना?"

शोभाताई दुसरी कॅसेट देऊ लागल्या. इंदूबाईने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "राहू द्या. दुसऱ्याच्या कामी येईल." दोघं गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत ती दारात उभी होती. एवढ्या सहज कसे गेले, म्हणून थोडा वेळ आणखी उभी राहिली.

आत आली तेव्हा नत्थूजी खुर्चीवरच होता. त्याने तिला हाताने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक सांगू का? माही घरवाली येईल आता. मोठी वहमी, संशयखोर आहे थे. तुम्ही रोज येता, तिले आवडत नसन."

इंदूबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "मंग येऊ नको का?"

त्याने दाराकडे पाहिलं. "नाही, या. म्या समजावतो तिले. मनानं वाईट नाही थे."

"नाव काय तुमच्या घरवालीचं?"

नत्थूजीने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काय बाई तुम्ही," तो म्हणाला, "परक्या बाईपुढं बायकोचं नाव कसं घ्यावं माणसानं?"

इंदूबाईने वाकून त्याच्या तोंडाकडे बारकाईने पाहिलं. डोळ्यांत पाहिलं, ओठांच्या कोपऱ्यात पाहिलं. तो लाजला होता, की विसरला होता, की लाजण्याआड विसरणं लपवत होता, हे तिला काही केल्या ओळखता येईना.

"बरं," ती म्हणाली. "डावा पाय राहिला, नत्थूजी. उचला."